नव्या क्लचाची निवड : एक जुना इतिहास

मोटार ही आतां मध्यम स्थितींतील कुटुंबाच्या घरची वस्तु झाली आहे, आणि जी वस्तु घरांत आली तिच्या दुखण्याखुपण्याची काळजीही तिच्यामागून घरांत येतेच. गिअरची मोटार बाळगणाऱ्या गृहस्थास केव्हां ना केव्हां गॅरेजांतील मिस्त्री विचारतो, "साहेब, क्लच प्लेट गेली. कोणती टाकूं?" प्रश्न दोन शब्दांचा; परंतु त्याचें उत्तर शंभर वर्षांहून अधिक काळाच्या इतिहासांत विखुरलेलें आहे. आपल्यापैकीं बहुतेक जण "चांगली टाका" एवढें म्हणून मोकळे होतात. चांगली म्हणजे कोणती, आणि ती ओळखावी कशी, हें त्या इतिहासाच्या साह्यानें पाहावें, असा आजच्या भाषणाचा हेतु आहे.

आधीं क्लच लागतोच कशाला, हें समजून घेऊं. बैलगाडीला क्लच नसतो. बैल उभ्या जागेवरून जोर लावूं शकतो, आणि त्याच्या पहिल्या पावलाबरोबर चाक हलतें. वाफेच्या इंजिनाचेंही तसेंच आहे. १९०० च्या सुमारास मनमाडहून हैदराबादकडे जाणारी लहान रुळांची रेल्वे औरंगाबादेवरून धांवूं लागली, तेव्हां तिच्या इंजिनाला क्लच नव्हता. वाफेचा दाब दट्ट्यावर आला कीं चाकें फिरूं लागत. पेट्रोलचें अथवा डिझेलचें इंजिन मात्र स्वभावानें निराळें. तें फिरत असेल तरच त्याच्या अंगीं जोर असतो. थांबलें कीं त्याची शक्ति शून्य. असें फिरतें इंजिन उभ्या असलेल्या चाकांशीं एकदम जोडलें, तर एक तर गाडीला जबर हिसका बसेल, नाहीं तर इंजिन बंद पडेल. म्हणून दोहोंमध्यें एक असा मध्यस्थ पाहिजे, कीं जो प्रथम थोडा घसरेल, घसरत घसरत दोहोंचा वेग एक करील, आणि मग घट्ट धरून बसेल. सोयरीक जुळविणारा मनुष्य दोन्ही घरचें थोडें थोडें सोसतो, तसा हा मध्यस्थ दोन्ही बाजूंचें घर्षण स्वतःच्या अंगावर घेतो. त्याचें नांव क्लच. झिजणें हा त्याचा दोष नव्हे. तें त्याचें नेमून दिलेलें काम आहे. आजच्या विषयाची किल्ली या एका गोष्टींत आहे.

आतां या मध्यस्थाची वंशावळ पाहूं. इंजिन पुढें, त्यामागें क्लच, त्यामागें गिअरची पेटी आणि मागील चाकांना गति, अशी जी मांडणी पुढें जगभर रूढ झाली, ती फ्रान्समधील पानार आणि लेव्हासोर या कारखान्यानें १८९१ च्या सुमारास घालून दिली. आरंभींच्या मोटारींतील क्लच बहुधा शंकूच्या आकाराचा असे. एका पोकळ शंकूंत दुसरा शंकू घट्ट बसावयाचा, आणि आंतल्या शंकूवर चामडें चढविलेलें असावयाचें. चामडें सुकलें कीं क्लच हिसके देई. त्यावर तेल अधिक झालें कीं तो घसरूं लागे. त्यामुळें मोटारवाल्यास क्लचाची निगा जवळजवळ चांभाराच्या कलेनेंच करावी लागे. चामडें झिजलें तर तें बदलण्यास त्या माणसास दूर जावें लागत नसे, हा त्या व्यवस्थेंतील एक गुण. पण थोड्या उष्णतेनें तें करपे, हा मोठा दोष.

हा दोष दूर करण्याची कथा एका खेड्यांतून सुरू होते. इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यांत हर्बर्ट फ्रूड नांवाचे गृहस्थ होते. उतारावर घोडागाड्या आवरण्यासाठीं गाडीवान ब्रेकच्या लांकडी ठोकळ्यांवर जुन्या बुटांचे तुकडे ठोकतात, हें त्यांनीं पाहिलें, आणि त्यावरून घर्षणासाठीं मुद्दाम तयार केलेलें अस्तर बनविण्याचा उद्योग त्यांनीं १८९७ सालीं आरंभिला. स्वतःच्या आडनांवाचीं अक्षरें उलटसुलट करून आणि पत्नी एलिझाबेथ हिच्या नांवाचें आद्याक्षर त्यांत घालून त्यांनीं आपल्या मालास फेरोडो हें नांव दिलें. पुढें अशा अस्तरांत ॲस्बेस्टॉस नांवाच्या खनिज तंतूचा उपयोग होऊं लागला. तो तंतु आगीस दाद देत नाहीं, दोऱ्यासारखा विणतां येतो आणि राळेंत मुरवितां येतो. १९२० नंतरच्या दशकांत शंकू मागें पडून सपाट चकतीचा कोरडा क्लच सर्वत्र रूढ झाला, तो मुख्यतः या अस्तराच्या बळावर.

आजच्या मोटारींतील क्लचही त्याच जातीचा आहे. इंजिनाच्या शेवटीं एक जड चाक असतें, तें फ्लायव्हील. त्याला लागून दोन्ही अंगांस अस्तर लावलेली चकती, ती क्लच प्लेट. तिला मागून दाबून धरणारी ती प्रेशर प्लेट. आणि आपण पेडल दाबलें म्हणजे हा दाब सैल करणारें तें रिलीज बेअरिंग. अस्तर किती जोर पेलेल, हें तीन गोष्टींवर ठरतें : दाब किती, चकतीचा व्यास किती, आणि अस्तराचा घर्षणगुण किती. मोटार घडविणारा कारखाना हें गणित इंजिनाच्या जोरापेक्षां कांहींसें अधिक धरून बसवितो. हें 'कांहींसें अधिक' लक्षांत ठेवावें. त्याकडे मी पुन्हा वळणार आहें.

हें यंत्र आपल्या मुलखांत कसें रुळलें, तें आतां पाहूं. फुलंब्री हें गांव छत्रपति संभाजीनगर, म्हणजे पूर्वींचें औरंगाबाद, येथून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे, आणि शहराकडून गांवाकडे येतांना चौक्याचा घाट लागतो. हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. त्या राज्याच्या रेल्वेखात्यानें १९३२ सालीं २७ गाड्या घेऊन बसवाहतूक सुरू केली. तींत स्कॉटलंडमधील आल्बियन कंपनीच्या गाड्या होत्या. त्या पिढीच्या गाड्यांत गिअर बदलतांना दोन्ही चाकांचा वेग आपोआप जुळविणारी सोय बहुधा नसे. म्हणून चालकास गिअर काढतांना एकदां आणि घालतांना पुन्हा एकदां, असा दोनदां क्लच दाबावा लागे. घाटांत गाडी घालणें हें त्या काळीं कान, हात आणि डावा पाय या तिघांचें काम होतें. क्लच नीट वापरणें ही विद्या होती, कारण क्लच पुन्हा मिळणें हें भाग्य होतें.

या भाग्याचा इतिहासही थोडक्यांत सांगण्यासारखा आहे. फोर्ड कंपनीनें १९२६ त भारतांत आपली शाखा काढली आणि जनरल मोटर्सनें १९२८ त मुंबईंत मोटारी जुळविण्याचा कारखाना घातला. परंतु तेथें भाग जुळविले जात, घडविले जात नसत. म्हणजे क्लच प्लेट बोटींतूनच यावयाची. सोलापुरांत जन्मलेले उद्योगपति वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि १९४७ पासून तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून गाड्या बाहेर पडूं लागल्या. १९५३ सालीं जकात आयोगानें असा अभिप्राय दिला, कीं ज्यांस या देशांत क्रमाक्रमानें भाग घडवावयाचे असतील त्यांनींच येथें धंदा करावा. त्यानंतर दोन्ही अमेरिकन कंपन्यांनीं आपलें काम आवरलें, आणि सुटे भाग येथेंच घडविण्याचें युग सुरू झालें.

तें युग टंचाईचें होतें. कुर्ल्याची फियाट, जिला पुढें पद्मिनी हें नांव मिळालें, आणि अँबॅसिडर, या मोटारींसाठीं वर्षानुवर्षें नांव नोंदवून वाट पाहावी लागे. अशा काळांत संपूर्ण नवा क्लच घालणें ही चैन होती. मिस्त्री जुनी चकती बाहेर काढी, झिजलेल्या अस्तराचे रिव्हेट तोडी, नवें अस्तर बसवून नव्या रिव्हेटांनीं तें ठोकी, आणि चकती पुन्हा घाली. यास 'लायनिंग मारणें' म्हणत. काम कसबी हाताचें असेल तर गाडी बरी चाले. परंतु चकतीच्या मध्यभागीं हिसके सोसण्यासाठीं ज्या लहान स्प्रिंगा असतात, त्या जुन्याच राहत. प्रेशर प्लेटही जुनीच राही. त्या वेळच्या गृहस्थापुढें प्रश्न 'कोणती टाकूं' हा नव्हताच. 'मिळेल का' हा होता.

हें चित्र पालटलें, त्यास दोन कारणें झालीं. पहिलें यंत्रशास्त्रांतील. पूर्वीं प्रेशर प्लेटींत वेटोळ्यांच्या अनेक स्प्रिंगा असत. अस्तर जसजसें झिजे, तसतशा त्या लांबत आणि त्यांचा दाब कमी होई. त्यांच्या जागीं पाकळ्या असलेली एकच बशीच्या आकाराची पोलादी स्प्रिंग आली. तिचें वैशिष्ट्य असें, कीं अस्तर बरेंच झिजेपर्यंत तिचा दाब उणा होत नाहीं, आणि पेडलही हलकें लागतें. युरोपांत १९६० नंतरच्या दशकांत ती पसरली. दुसरें कारण उद्योगाचें. १९८३ च्या डिसेंबरांत मारुति ८०० बाहेर पडली आणि जपानी रचनेचे भाग देशांत तयार होऊं लागले. आपल्या जिल्ह्यास याचा लाभ मोठा झाला. बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ त सुरू झाला. २००१ पासून शेंद्र्याहून स्कोडाच्या मोटारी निघूं लागल्या. आणि चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतींत सीके डायकिन या नांवानें, पुढें एक्सेडी या नांवानें, जपानी सहकार्याचा क्लचाचाच कारखाना उभा राहिला. एस. टी.च्या ज्या थोड्या मध्यवर्ती कार्यशाळा आहेत, त्यांतील एकही चिकलठाण्यासच आहे. जी चकती एके काळीं सातासमुद्रांपलीकडून येत होती, ती फुलंब्रीपासून पाऊण तासाच्या वाटेवर तयार होऊं लागली, ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु विपुलतेनें एक संकट टळलें आणि दुसरें आलें. आज एकाच मोटारीसाठीं तीन प्रकारचे क्लच दुकानांत मिळतात : मोटारकंपनीच्या पेटींतला, मोटारकंपन्यांस माल पुरविणाऱ्या क्लचकंपनीच्या स्वतःच्या पेटींतला, आणि अन्य कोणाचा. पहिल्या दोहोंत पुष्कळदां घडविणारा हात एकच असतो. अंतर पेटीचें आणि किंमतीचें असतें. म्हणून आपल्या मोटारीस मूळ क्लच कोणी पुरविला होता, हें विचारून त्याच कंपनीचा घेतला, तर गुण न गमावतां पैसा वांचतो. तिसऱ्या प्रकारांत मात्र चांगलें आणि वाईट दोन्ही आहे, आणि त्याच्या आडोशानें नामांकित पेटीची नक्कल केलेला खोटा मालही शिरतो. खोट्या अस्तराचा दोष दुकानांत दिसत नाहीं. तो घाटांत दिसतो. मागें मालवाहू गाड्यांची रांग, गाडींत मुलेंबाळें, आणि इंजिन ओरडत असूनही चाक पुढें न जाणारें, ही अवस्था कोणावर न येवो. टंचाईच्या काळीं ग्राहकाची परीक्षा धीरानें होत असे. आतां ती पारखेनें होते.

ती पारख करतांना इतिहासानें शिकविलेल्या पांच गोष्टी ध्यानांत धराव्या.

पहिली, क्लच खरोखरच गेला आहे का, हें आधीं ठरवावें. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडीचा वेग वाढत नाहीं, हें घसरण्याचें लक्षण. परंतु केबल अति ताणलेली असली तरी तें लक्षण दिसतें, आणि इंजिनाच्या मागील सीलांतून तेल पाझरून अस्तर भिजलें असलें तरीही दिसतें. चामड्याच्या शंकूला जें तेल बाधत होतें, तेंच आजच्या चकतीलाही बाधतें. गळती तशीच ठेवून नवी प्लेट घातली, तर ती पहिलीच्या वाटेनेंच जाईल. तसेंच पेडल दाबूनही गिअर पडत नसेल, तर दोष पुष्कळदां केबलींत किंवा क्लचाच्या तेलाच्या सिलिंडरांत असतो.

दुसरी, जोराचा मोह धरूं नये. 'हेवी ड्यूटी' या दोन शब्दांनीं पुष्कळांस भुरळ पडते. मघाशीं सांगितलें, कीं क्लचाची शक्ति इंजिनापेक्षां कांहींसीच अधिक ठेवलेली असते. तें हिशेबानें ठेवलेलें असतें. अधिक दाबाची प्रेशर प्लेट घातली, म्हणजे पेडल जड होतें, केबल आणि फोर्क यांवर ताण येतो, आणि जो हिसका क्लचानें घसरून पचवावयाचा, तो गिअरपेटीच्या दात्यांवर जातो. धातूच्या भुकटीचीं अथवा सिरॅमिकचीं अस्तरें शर्यतीच्या मोटारीस आणि अवजड यंत्रांस योग्य. तीं उष्णता सोसतात, पण धरतात ती झटक्यानें. घरच्या मोटारीस सेंद्रिय मिश्रणाचें साधें अस्तरच हितकर. झिजावयाचें तें स्वस्त वस्तूनें झिजावें, हा यंत्रशास्त्रांतील जुना शहाणपणा आहे.

तिसरी, तिन्ही भाग एकत्र घ्यावे. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हा एकच संच समजावा. या कामांत गिअरपेटी उतरविण्याची मजुरी ही मोठी रक्कम असते. दोन भाग नवे घालून थोड्या पैशांसाठीं बेअरिंग जुनें ठेवलें, आणि चार महिन्यांनीं तें कुरकुरूं लागलें, तर तीच मजुरी पुन्हा मोजावी लागते. लायनिंग मारण्याची काटकसर टंचाईच्या काळांत शहाणपणाची होती. ती परिस्थिति गेली, तेव्हां ती रीतही सोडावी.

चौथी, फ्लायव्हील डोळ्यांनीं पाहावें. अस्तर रिव्हेटांपर्यंत झिजलें असेल, तर रिव्हेटांनीं त्यावर चरे पाडलेले असतात. अति तापलें असेल, तर निळे डाग दिसतात. असें चाक कारखान्यांत घांसून सपाट करून घ्यावें. १९८५ पासून दोन खंडांचें, मध्यें स्प्रिंगा असलेलें फ्लायव्हील मोटारींत येऊं लागलें आणि आतां पुष्कळ डिझेल मोटारींत तें असतें. तें महाग आहे, म्हणून त्याऐवजीं एकसंध चाक घालण्याचा सल्ला मिळतो. तसें करतां येतें. पण मग हिसके सोसण्याचें काम करणारी निराळी क्लच प्लेटही घ्यावी लागते, आणि इंजिनाची थरथर कांहीं प्रमाणांत वाढते, हें जाणून निर्णय करावा.

पांचवी, जुना भाग आणि नवा भाग शेजारीं ठेवून पाहावे : व्यास तोच आहे का, मधल्या छिद्रांतील दात्यांची संख्या तीच आहे का. मोटारीच्या चासीच्या क्रमांकावरून भाग मागवावा आणि पक्की पावती घ्यावी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें सदोष मालामुळें झालेल्या हानीबद्दल उत्पादक आणि विक्रेता यांस जबाबदार धरण्याची तरतूद केली आहे. पण पावतीवांचून ती तरतूद ग्राहकाच्या हातीं येत नाहीं.

नवा क्लच घातल्यावर पहिले कांहीं शें किलोमीटर गाडी सौम्यपणें हांकावी, म्हणजे अस्तराचा पृष्ठभाग नीट बसतो. चढावर गाडी थोपवितांना पेडल अर्धें दाबून, ज्याला चालक 'हाफ क्लच' म्हणतात, त्यावर ती तोलूं नये. त्यासाठीं हातब्रेक आहे. विजेच्या मोटारींना क्लच नसतो, कारण विजेचें यंत्र बैलाप्रमाणें उभ्या जागेवरून जोर लावतें. त्या जसजशा वाढतील तसतसा हा प्रश्न मागें पडेल. परंतु आज रस्त्यावर असलेल्या गिअरच्या असंख्य मोटारी अजून कित्येक वर्षें चालावयाच्या आहेत.

शेवटीं एक गोष्ट, जी किंमतीच्या पाटीवर लिहिलेली नसते. ज्या ॲस्बेस्टॉसनें क्लचाला आगीपासून वांचविलें, त्याच तंतूची धूळ माणसाच्या फुप्फुसांत शिरून वर्षांनुवर्षांनीं प्राणघातक रोग उत्पन्न करते, हें विसाव्या शतकांत सिद्ध झालें. युरोपीय संघानें २००५ पर्यंत आपल्या देशांत त्याचा वापर बंद केला. आपल्या सर्वोच्च न्यायालयानें १९९५ सालीं ॲस्बेस्टॉसच्या कामगारांविषयीं निर्णय देतांना आरोग्य हा त्यांच्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, आणि त्यांच्या प्रकृतीची नोंद ४० वर्षें जपण्यास कारखान्यांना सांगितलें. नामांकित कंपन्या आतां कांच, ॲरॅमिड आणि अन्य तंतूंचीं अस्तरें करतात. परंतु स्वस्त मालाच्या आणि जुन्या गाडींतील चकतीच्या धुळींत काय आहे, हें डोळ्यांस कळत नाहीं. म्हणून पेटीवर 'ॲस्बेस्टॉसविरहित' असें लिहिलेलें आहे का, तें पाहावें, आणि जुना क्लच उघडल्यावर आंतली धूळ फुंकून वा हवेच्या नळीनें उडवूं नये. ओल्या फडक्यानें ती पुसून घ्यावी, असें मिस्त्रीस आग्रहानें सांगावें. वाहनाचा मालक त्या धुळीजवळ क्षणभर उभा राहतो. मिस्त्री आणि त्याच्या हाताखालचा पोर तिच्यांत जन्म काढतात. जी वस्तु आपल्यासाठीं झिजते तिची निवड डोळसपणें करावी. जो मनुष्य ती बसवितो, त्याच्या श्वासाचा विचार त्या निवडींत अगोदर यावा.